चिकन ब्रेस्ट कोरडे का होते?

(ठाण्यात नौपाडा येथील एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो, पत्रिकेवर ‘एअर फ्रायरमधील रसदार चिकन ब्रेस्ट’ असा विषय छापला आहे आणि कृती मी सांगणारच आहे; परंतु त्याआधी एक तक्रार मांडणे भाग आहे. रविवारच्या रश्श्यात लेग पीसवर भावंडांचा डोळा असतो आणि छातीचे पांढरे तुकडे पाहुण्यांच्या ताटात जातात. आपण हसलात, म्हणजे ठाण्यातील बहुतेक घरांत हेच चालते!

तंगडी रश्श्यात मऊ राहते, याला कारण आहे. कोंबडी सतत पायांवर वावरते, त्यामुळे तिथल्या मांसात चरबी आणि कोलॅजन, म्हणजे स्नायू बांधून ठेवणारे चिवट प्रथिन, अधिक असते. हे कोलॅजन ७० अंश सेल्सिअसच्या पुढे हळूहळू मऊ, चिकट जिलेटिनमध्ये बदलते आणि मांस थोडे जास्त शिजले तरी घास मऊच लागतो. छातीच्या स्नायूत हा आधार फारच कमी. त्यात सुमारे तीन-चतुर्थांश पाणी आणि उरलेली बहुतांश प्रथिने. ५० अंशांच्या आसपास मायोसिन हे स्नायूतले प्रथिन आकसू लागते, ६५च्या पुढे ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाची पाळी येते आणि मग ओला पंचा पिळावा तसे तंतू पाणी बाहेर टाकतात. शिजलेल्या तुकड्यावर जे पांढरे थेंब गोठलेले दिसतात, ती त्या पाण्याबरोबर बाहेर पडलेली प्रथिनेच होत.

आता माझी खरी तक्रार. ऐरोलीला राहणाऱ्या माझ्या वहिनींनी, व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलासाठी म्हणून, एअर फ्रायर घेतला. सोबतच्या पुस्तिकेत एकच ओळ होती : ‘चिकन, २०० अंश, २५ मिनिटे’. कोणता भाग, किती जाड, हाडासकट की बोनलेस, फ्रिजमधून नुकताच काढलेला की कसे, याचा उल्लेखच नाही. वहिनींनी ती वेळ निष्ठेने पाळली. सुरी लावताच तुकड्याचे उभे धागे सुटत आणि मुलगा घोटभर पाण्याबरोबर एकेक घास गिळत असे. दोष आधी चिकनवाल्याला लागला, मग यंत्राला, आणि यंत्र माळ्यावर गेले. वस्तुतः यंत्र निर्दोष होते. २०१० मध्ये फिलिप्सने बाजारात आणलेला एअर फ्रायर काय किंवा त्यानंतरचे इतर काय, वर तापणारी कॉइल, तिची उष्णता खाली फेकणारा पंखा आणि लहानशी बंद जागा, एवढीच त्यांची रचना. वेगाने फिरणारी हवा पृष्ठभाग लवकर सुकवते, म्हणून खरपूसपणा येतो, आणि म्हणूनच पातळ तुकड्याला दोन-चार मिनिटांचा उशीरही सोसत नाही. माझे आग्रहाचे म्हणणे हे की घड्याळ अंदाजापुरते ठेवावे आणि निर्णय मांसात खुपसलेल्या तापमापीवर सोपवावा.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाचच मिनिटे उरली आहेत. तेव्हा कृती भरभर सांगतो.

ब्रेस्ट एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला निमुळते असते, म्हणून जाड भागावर प्लॅस्टिक ठेवून लाटण्याने हलके ठोकावे आणि जाडी सारखी करावी. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात तुकडे अर्धा ते एक तास फ्रिजमध्ये ठेवावेत. मिठामुळे प्रथिनांची पाणी धरून ठेवण्याची शक्ती वाढते. नंतर पुसून पूर्ण कोरडे करावे, तेलाचा हात, मिरपूड आणि तिखट लावावे. मीठ पुन्हा घालू नये. चिकन नळाखाली धुण्याची सवयही सोडावी, कारण शिंतोड्यांबरोबर जिवाणू ओटाभर पसरतात. ते मरतात उष्णतेने.

यंत्र १९० अंशांवर तापवून तुकडे एकमेकांना न चिकटवता ठेवावेत आणि निम्म्या वेळेला उलटावेत. नवव्या-दहाव्या मिनिटापासून तापमापीचे टोक बाजूने, सर्वांत जाड भागाच्या मध्यात घालून पाहावे. ७१-७२ दिसताच बाहेर काढून पाच मिनिटे झाकून ठेवावे. आतली उष्णता पारा आणखी चढवते. अमेरिकेच्या कृषी खात्याने सांगितलेला ७४ अंशांचा आकडा गाठल्याची खात्री करावी, न गाठल्यास मिनिटभर पुन्हा आत ठेवावे.

कापताना सुरी तंतूंना आडवी धरावी. उरलेला तुकडा फ्रिजमध्ये ठेवावा, पण पुन्हा यंत्रात घालून सुकवू नये. दुसऱ्या दिवशी थंडच पातळ चिरून कांदा, लिंबू आणि कोथिंबिरीबरोबर पोळीत गुंडाळावा.