सांडव्याचे गणित : मोठ्या मत्स्यालयाच्या पाइपजोडणीविषयी

मित्रहो, मोठ्या मत्स्यालयाचा विषय निघाला की बोलणे प्रथम माशांवर येते, मग दिव्यांवर आणि फिल्टरवर. पाइपांचा विचार बहुतेक वेळा टाकी घरात येऊन स्टँडवर बसल्यानंतरच सुरू होतो, आणि तोपर्यंत काचेला भोक कुठे पाडायचे हा प्रश्न हातातून गेलेला असतो. म्हणून आज मी माशांविषयी एक शब्दही बोलणार नाही. वरच्या टाकीतून पाणी खाली कसे उतरते, ते पुन्हा वर कसे चढते आणि या फेऱ्यात खंड पडला तर ते कुठे जाते, एवढ्याच गोष्टी आपल्याला पाहायच्या आहेत. यांतला शेवटचा प्रश्न मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. सगळे सुरळीत चालू असताना कोणतीही जोडणी चांगलीच दिसते. आराखडा करायचा असतो तो वीज जाण्याच्या आणि पाइप तुंबण्याच्या क्षणासाठी.

रचना थोडक्यात सांगतो. वर प्रदर्शनाची टाकी आणि तिच्या खाली, स्टँडच्या कपाटात, दुसरी लहान टाकी असते, तिला सम्प म्हणतात. (या शब्दाने काम बंद पडल्याचा भास होतो खरा, पण सगळे काम तिथेच चालते.) वरच्या टाकीच्या मागच्या बाजूला काचेची एक उभी पेटी चिकटवलेली असते. तिच्या वरच्या कडेवरून पाणी पेटीत पडते आणि तिथून पाइपाने सम्पमध्ये उतरते. सम्पमधील पंप तेच पाणी परत वर फेकतो. पेटीची ती कड म्हणजे धरणाचा सांडवाच होय, आणि धरणाप्रमाणेच इथेही पाण्याची पातळी ठरवण्याचे काम सांडवा करतो, पंप नव्हे. पंप मोठा बसवला तर पाणी कडेवरून थोडे अधिक जाड थराने वाहते, इतकेच.

हा थर किती जाड असेल, हे आधीच काढता येते. जेम्स फ्रान्सिस या अभियंत्याने अमेरिकेतील लोवेल येथील गिरण्यांच्या कालव्यांवर केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष 1855 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि सांडव्यावरून होणाऱ्या विसर्गाचे त्याचे सूत्र आपल्या लहानशा पेटीलाही लागू पडते. उदाहरणासाठी मी माझ्याच घरातील टाकी घेतो : लांबी 180 सेंटीमीटर, रुंदी 60, उंची 60. काठोकाठ भरली तर 648 लिटर. सम्पमधून ताशी टाकीच्या तीन ते पाचपट पाणी फिरावे असा सर्वसाधारण प्रघात आहे, म्हणून ताशी 3000 लिटरचा प्रवाह धरू. कडेची लांबी 60 सेंटीमीटर असेल तर पाण्याचा थर सुमारे 8 मिलिमीटर येतो. मासे पेटीत जाऊ नयेत म्हणून त्याच कडेला कंगव्यासारखे दाते बसवले आणि निम्मी लांबी दात्यांनी व्यापली, तर थर 13 मिलिमीटरपर्यंत चढतो. फरक क्षुल्लक वाटेल, परंतु आपल्या टाकीच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ 1.08 चौरस मीटर आहे, म्हणजे पातळीतील प्रत्येक सेंटीमीटर 10.8 लिटरचा असतो. शिवाय थर जितका पातळ, तितका पृष्ठभागावरचा तेलकट, प्रथिनांचा तवंग अधिक चांगला ओढला जातो. म्हणून कड शक्य तितकी लांब ठेवावी आणि दाते अगदी आवश्यक असतील तरच लावावेत, असे माझे मत आहे.

आता पेटीतून खाली उतरणाऱ्या पाइपाकडे वळू. इथे पाणी दोन पूर्णपणे वेगळ्या रीतींनी वाहू शकते, आणि हा भेद ज्याच्या ध्यानात आला त्याला पुढचे सर्व सोपे जाते. पहिल्या रीतीत पाइप अर्धवट भरलेला असतो; पाणी भिंतींना चिकटून घसरते आणि मधून हवा वाहते. दुसऱ्या रीतीत पाइप पूर्ण भरलेला असतो, हवा अजिबात नसते आणि पाण्याचा अखंड स्तंभ स्वतःच्या वजनाने खाली खेचला जातो. हा सायफन. एकाच व्यासाच्या पाइपातून सायफनने जितके पाणी जाते, त्याच्या तुलनेत हवा मिसळलेल्या रीतीने फार थोडे जाते. आवाजाचा उगमही इथेच आहे. पूर्ण भरलेला पाइप मुका असतो, आणि शांतपणे घसरणारा बारीक प्रवाहही जवळजवळ मुकाच असतो. या दोन अवस्थांच्या मध्ये पाइप अडकला की तो हवा गिळतो, ढेकर देतो, पुन्हा गिळतो, आणि दिवाणखान्यात दिवसरात्र ती गुडगुड चालू राहते. एकच पाइप असलेल्या जुन्या पद्धतीच्या रचनांत, उदाहरणार्थ वर वळण आणि टोपीत छिद्र असलेल्या दुर्सो नळीत, हवेची वाट मुद्दाम उघडी ठेवून हा आवाज कमी करतात. तो कमी होतो, पण पाइपाची बरीचशी क्षमता त्यात खर्ची पडते आणि पर्यायी वाट एकही उरत नाही.

मला पसंत असलेली रचना तीन पाइपांची आहे; हौशी लोकांत ती बीनअ‍ॅनिमल या नावाने ओळखली जाते. पहिला पाइप पूर्ण सायफनवर चालतो. त्याच्या खालच्या भागात गेट व्हॉल्व्ह बसवून प्रवाह असा आवळायचा की पंपाचे जवळजवळ सर्व पाणी त्यातून जाईल, पण अगदी सर्व नाही. उरलेला बारीकसा प्रवाह दुसऱ्या पाइपातून उतरतो. या पाइपाच्या माथ्यावरून एक बारीक हवेची नळी काढून तिचे तोंड पेटीतील नेहमीच्या पातळीच्या थोडे वर ठेवलेले असते. पहिला पाइप कशाने तुंबला, तर पेटीतील पाणी चढते, हवेच्या नळीचे तोंड बुडते, हवा बंद होते आणि दुसरा पाइप आपोआप सायफन बनून सगळा भार उचलतो. तिसरा पाइप त्याहून थोडा उंच आणि एरवी कोरडा असतो. त्यातून पाण्याचा आवाज येऊ लागला की काहीतरी बिघडले आहे असे समजावे. या तिसऱ्या पाइपावर व्हॉल्व्ह कधीही बसवू नये.

गेट व्हॉल्व्हच का, बॉल व्हॉल्व्ह का नको, असा प्रश्न नेहमी येतो. बॉल व्हॉल्व्हची मूठ पाव फेरी फिरली की पूर्ण उघडा ते पूर्ण बंद असा प्रवास संपतो, त्यामुळे केसभर फिरवले तरी प्रवाह खूप बदलतो. गेट व्हॉल्व्हला अनेक फेरे असतात, आणि इथे आपल्याला नेमका केसभराचाच फरक करायचा असतो. त्याचे आतले भाग पितळी नसून प्लास्टिकचे असावेत, कारण खाऱ्या पाण्यात धातू झिजतो आणि विरघळलेले तांबे कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळांना घातक ठरते. सायफनच्या पाइपाचे खालचे टोक सम्पच्या पाण्यात दोनतीन सेंटीमीटरच बुडवावे. ते हातभर खोल बुडवले, तर पंप सुरू होताना पाइपातील हवेला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि सायफन लागतच नाही. वळणांच्या बाबतीत एक काटकोनी एल्बो लावण्याऐवजी 45 अंशांचे दोन लावावेत. पाणी कमी अडते. प्रत्येक पाइपावर एक युनियन, म्हणजे आटे फिरवून सोडता येणारा जोड, ठेवावे, कारण सोल्युशन लावून चिकटवलेला पीव्हीसी पुढे करवतीशिवाय सुटत नाही.

भोकांविषयी थोडे काळजीपूर्वक सांगावे लागेल. बल्कहेडसाठी, म्हणजे काचेतून पाइप गळती न होता आरपार नेणाऱ्या जोडासाठी, लागणारे भोक पाइपाच्या मापाचे नसते; एक इंची बल्कहेडला साधारण 45 मिलिमीटरचे भोक लागते, आणि बनावटीप्रमाणे ते बदलते, म्हणून बल्कहेड हातात आल्याशिवाय भोक पाडू नये. काच टफन केलेली, म्हणजे तापवून कणखर केलेली, असेल तर ती भोक पाडताच चुरा होऊन कोसळते. तयार टाक्यांत तळाची काच पुष्कळदा टफन केलेली असते. त्यामुळे तळाला हात लावण्याआधी बनवणाऱ्याकडून खात्री करून घ्यावी. साध्या काचेत हिऱ्याच्या कणांचा होल सॉ, हलका हात आणि सतत पाणी यांनी काम होते, मात्र भोकाच्या कडेपासून काचेच्या कडेपर्यंत निदान भोकाच्या व्यासाइतके अंतर राखावे. बल्कहेडचा रबरी वॉशर पाण्याच्या बाजूला, कॉलर आणि काच यांच्यामध्ये येतो, त्याला सिलिकॉन लावायचे नसते, आणि नट हाताने आवळून वर फार तर पाव फेरी द्यायची असते. पान्याने जोर करणाऱ्यांच्या काचा तडकलेल्या मी पाहिल्या आहेत.

आता वीज गेल्याचा क्षण घ्या. पंप थांबतो. कडेवरचा 8 मिलिमीटरचा थर खाली येतो, ते झाले साडेआठ लिटर. पेटी 60 सेंटीमीटर लांब, 12 रुंद आहे. तिच्यातील पातळी सायफन तुटेपर्यंत सुमारे 15 सेंटीमीटर उतरते, ते जवळजवळ 11 लिटर. पाइपांतले दोन लिटर धरले की बेरीज एकवीसच्या आसपास येते. हे पाणी सगळ्यांच्या लक्षात असते. लक्षात राहत नाही ती परतीच्या, म्हणजे पंपाचे पाणी वर नेणाऱ्या, पाइपाची वाट. पंप थांबला की तोच पाइप उलटा सायफन होतो आणि त्याचे तोंड पाण्याबाहेर येईपर्यंत टाकी रिकामी करत राहतो. तोंड कडेच्या 5 सेंटीमीटर खाली असेल तर आणखी 54 लिटर येतात. प्रवाह दगडांमागे पोहोचावा म्हणून कोणी ते 15 सेंटीमीटर खाली नेले, तर 162. यावर उपाय म्हणून पाइपाला पाण्याच्या पातळीजवळ बारीक छिद्र पाडतात, म्हणजे तिथून हवा शिरून सायफन तुटेल. छिद्र पाडावेच, परंतु शेवाळ आणि चुनखडी त्याला बुजवतात, म्हणून हिशेब करताना ते छिद्र नाहीच असे धरावे. पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या चेक व्हॉल्व्हचेही तसेच. त्याच्या झडपेत एखादा कण अडकला की ती पूर्ण बसत नाही. तेव्हा 21 आणि 54 मिळून 75 लिटर. सम्पचे तळक्षेत्र 90 गुणिले 40 सेंटीमीटर असेल, तर त्यातील पाणी 21 सेंटीमीटर चढेल, आणि 45 सेंटीमीटर उंचीच्या सम्पमध्ये चालू पातळी, अगदी काठोकाठ धरूनही, 24 च्या वर ठेवता येणार नाही.

उलट बाजूचा प्रसंग म्हणजे पाइप तुंबणे, आणि तो मी पुस्तकातून शिकलेलो नाही. या टाकीला सुरुवातीला एकच पाइप होता. पंपाच्या कप्प्यात वापरात येणारे पाणी 24 लिटर होते. निचरा बंद पडला तर पंप तेवढेच वर फेकेल आणि मग कोरडा पडेल, म्हणजे पातळी फार तर सव्वादोन सेंटीमीटर चढेल, आणि काठापर्यंत माझ्याकडे 4 सेंटीमीटर होते. हिशेब बरोबर होता. एका रात्री बोराएवढी एक गोगलगाय पाइपाच्या तोंडात जाऊन बसली. कप्प्यातील पाणी उतरू लागताच बाष्पीभवनाची भरपाई करणाऱ्या स्वयंचलित यंत्राला वाटले की पाणी आटले आहे, आणि त्याने शेजारच्या पिंपातील 40 लिटर गोडे पाणी इमानेइतबारे ओतायला सुरुवात केली. 24 आणि 40 मिळून 64 लिटर; काठापर्यंत जागा होती 43 लिटरची. उरलेले 21 लिटर सकाळी जमिनीवर होते, आणि टाकीतला खारटपणाही उतरलेला होता. गोगलगाय सुखरूप होती.

त्यानंतर मी तीन बदल केले. तीन पाइप टाकले, भरपाईचे पिंप 15 लिटरचे केले, आणि मुख्य टाकीत एक तरंगता स्विच बसवला, जो पातळी 2 सेंटीमीटर चढताच पंप आणि भरपाईचे यंत्र दोन्ही बंद करतो. यांतला पिंपाचा बदल सर्वांत स्वस्त, आणि तरीही कुणाला सुचत नाही तो हाच. 24 आणि 15 मिळून 39 लिटर, म्हणजे स्विच बिघडला तरी पाणी काठाच्या आत राहते. पिंप आठवड्यातून अधिक वेळा भरावे लागते, ते मी भरतो.

मासे सोडण्यापूर्वी संपूर्ण जोडणी साध्या पाण्याने निदान दोन दिवस चालवावी. पंप बंद करून सम्पमधील पाणी चढू द्यावे आणि ते थांबते तिथे काचेवर पक्क्या शाईने रेघ मारावी. मग परतीच्या पाइपाचे छिद्र चिकटपट्टीने बुजवून तेच पुन्हा करावे आणि दुसरी रेघ मारावी. शेवटी पहिल्या निचऱ्याच्या तोंडावर हात ठेवून दुसरा पाइप भार घेतो का ते पाहावे, आणि दोघांनाही बंद करून तिसऱ्याचे पाहावे. दुसरी रेघ सम्पच्या काठापासून चार बोटे खाली नसेल, तर सम्पमधले पाणी कमी करावे आणि पहिल्या रेघेपासून पुन्हा सुरुवात करावी.