इंजेक्शन आधी, घोडबंदर रोड नंतर

मंडळी, पत्रिकेत विषय भारदस्त छापलाय, ‘हृदयविकाराचा झटका आणि थ्रॉम्बोलिसिस’. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन म्हणजे ज्यांना अँजिओप्लास्टी, म्हणजे तार घालून बंद रक्तवाहिनी उघडणं, परवडत नाही त्यांची सोय, हा समज आपल्या ठाण्यात नौपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत घट्ट बसलाय. तो हलवायला मी आलोय. मागे ऐकू येतंय ना? पंखा राहू द्या, उकडतंय.

हे औषध तसं जुनं. घसा धरणारे स्ट्रेप्टोकोकस जंतू गोठलेलं रक्त विरघळवतात, हे अमेरिकेत विल्यम टिलेट यांनी 1933 साली दाखवलं. त्यातूनच स्ट्रेप्टोकायनेज आलं. पण अटॅकमध्ये ते सर्रास द्यावं, हे ठरायला 1986 उजाडलं. इटलीत 11 हजारांवर रुग्णांची ‘जिसी’ चाचणी झाली. दुखायला लागल्यापासून तासाभरात ज्यांना औषध मिळालं, त्यांच्यातले मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले.

दोन वर्षांनी ऑक्सफर्डच्या संशोधकांची ‘आयसिस-2’ चाचणी. रुग्ण 17,187. स्ट्रेप्टोकायनेज आणि ॲस्पिरिन दोन्ही मिळालेल्यांत पाच आठवड्यांत 8 टक्के दगावले, दोन्ही न मिळालेल्यांत 13.2 टक्के. आता माझी लाडकी गोष्ट. घरी मी ती सुरू केली की लोक उठून जातात, इथे दारं लांब आहेत. तर ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने संशोधकांना म्हटलं, वयाप्रमाणे, अमुकप्रमाणे, तमुकप्रमाणे वेगवेगळे आकडे द्या. ऑक्सफर्डची माणसं वस्ताद. म्हणाली, देतो, पण मग आमचंही एक गणित छापा, रुग्णांच्या राशीप्रमाणे! आणि निघालं काय? मिथुन आणि तूळवाल्यांना ॲस्पिरिनने किंचित तोटाच, बाकी दहा राशींना झकास गुण. छापून आलंय हे. आकडे फार बारीक चिरले की त्यातून वाटेल ते निघतं, हे त्यांना दाखवायचं होतं. मागे एकदा मी हे सांगितलं तर एक आजोबा उभे राहिले, “डॉक्टर, ती सूर्यरास झाली. आपण चंद्ररास धरतो. चाचणी परत घ्यायला हवी.” इथे मिथुनेचे कोण आहेत? काका, हात खाली घ्या, अटॅकमध्ये तुम्हालाही ॲस्पिरिन लागू पडते.

बरं, माझं खरं दुखणं. संध्याकाळी सातची वेळ, गृहस्थ घामाघूम. कोपऱ्यावरच्या नर्सिंग होममध्ये ईसीजीची पट्टी निघालीय, त्यातली ‘एसटी’ नावाची रेघ वर चढलेली, म्हणजे वाहिनी बंद पडल्याची खूण, सिस्टरलाही दिसतेय, इंजेक्शन कपाटात आहे. तेवढ्यात मेव्हणे फोनवरून सांगतात, “इंजेक्शन-बिंजेक्शन नको, थेट मोठ्या हॉस्पिटलला हलवा.” ॲम्ब्युलन्स घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये माजिवड्याला अडकते. पोचल्यावर फॉर्म, डिपॉझिट, आणि कॅथलॅबच्या, म्हणजे अँजिओप्लास्टीच्या खोलीतल्या, टेबलावर आधीचा पेशंट. वाहिनी उघडी ठेवणारी जाळी, स्टेंट, उत्तम बसतो, पेढेही वाटले जातात. हृदयाचा स्नायू मात्र तोवर बराचसा मेलेला असतो. असं मी इतक्यांदा पाहिलंय, की हल्ली मेव्हणा हा शब्द ऐकला तरी माझं बीपी चढतं.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. हॉल पुढे साखरपुड्याला दिलाय म्हणतात. मग भरभर सांगतो.

ईसीजीत एसटी चढलेली असेल तरच हे इंजेक्शन, प्रत्येक छातीदुखीला नाही. निदानापासून 120 मिनिटांत अँजिओप्लास्टी खरोखर होणार असेल तर तीच सरस, मी काही तिचा वैरी नाही. पण ती 120 मिनिटं रक्तवाहिनीत तार जाईपर्यंतची, हॉस्पिटलच्या गेटपर्यंतची नव्हेत. तेवढ्यात जमत नसेल तर आधी इंजेक्शन, मग प्रवास. दुखणं 12 तासांच्या आतलं हवं, आणि पहिल्या दोन-तीन तासांत खरा फायदा. टेनेक्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारं दुसरं औषध वजनाप्रमाणे एकदाच टोचतात, पंच्याहत्तरीपुढे निम्मा डोस. स्ट्रेप्टोकायनेज 15 लाख युनिट, अर्ध्या ते एक तासात सलाईनमधून, त्यात बीपी उतरू शकतं. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका शंभरात साधारण एकाला, म्हणून पूर्वी कधी तसा झाला असेल, नुकतं मोठं ऑपरेशन किंवा पक्षाघात झाला असेल, तर पहिल्याच वाक्यात सांगा.

इंजेक्शननंतर तासा-दीड तासाने पुन्हा ईसीजी. एसटी निम्म्याहून जास्त उतरली नाही तर तातडीने अँजिओप्लास्टी, उतरली तरी 2 ते 24 तासांत अँजिओग्राफी, म्हणजे वाहिन्यांची तपासणी. म्हणजे मोठं हॉस्पिटल चुकत नाहीच, मेव्हण्यांना सांगा.

उठता उठता एक. स्ट्रेप्टोकायनेज दिलं असेल तर डिस्चार्ज कार्डावर ते नाव आहे ना, बघून घ्या. शरीरात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, त्यामुळे ते पुन्हा देत नाहीत. पुढच्या वेळी डॉक्टरांना दुसरं औषध काढावं लागतं.