कोर्स विकून घर चालतं का?

(दृश्य : हिंदमाता, दादर. कापडाच्या दुकानांतली गर्दी.)

हिंदमाताला ब्लाउजपीस आणि अस्तर घेणाऱ्या या बायकांमधल्या बऱ्याचजणी ब्लाउजचं कटिंग मोबाइलवर, ऑनलाइन कोर्स विकत घेऊन शिकल्यात. कटोरी, प्रिन्सेस कट, बोटनेक. शिकवणारी लालबागच्या चाळीत राहते, शिकणारी कुठे नांदेडला. गाळा नाही, पागडी नाही. एकदा चित्रित केलेला धडा हजार जणींना विकला, तरी पुन्हा कापड फाडावं लागत नाही. मुंबईत जागेच्या भाड्याने किती छोटे क्लास बंद पडले, ते आठवलं की या धंद्याचं मोल कळतं.

पण हिशेब मांडायलाच हवा. समजा, कोर्स 499 रुपयांचा. ऑनलाइन पैसे जमा करून देणारी सेवा, म्हणजे पेमेंट गेटवे, साधारण दोन टक्के कापतो. जाहिरात देऊन एक गिऱ्हाईक मिळवायला 300 रुपये गेले, तर हातात दोनशेही उरत नाहीत. वर्षाची उलाढाल 20 लाखांपुढे गेली की 18 टक्के जीएसटी. किंमत तीच ठेवली, तर 499 मधले 76 रुपये तिकडे. आणि टेलिग्रामवर कुणीतरी तोच कोर्स पन्नास रुपयांत वाटत असतो.

(दृश्य : दादर स्टेशनबाहेर स्पर्धा परीक्षांची पुस्तकं.)

नोट्स विकणाऱ्यांचं दुखणं आणखी वेगळं. राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025पासून वर्णनात्मक झाली आणि त्या परीक्षेच्या वस्तुनिष्ठ प्रश्नसंचांच्या पीडीएफ एका फटक्यात शिळ्या झाल्या. ‘घरबसल्या लाख कमवा’ शिकवणाऱ्यांविषयी काय बोलावं? त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे कर्ज काढून फी भरणारी आपलीच मुलं. संताप येतो.

(दृश्य : रात्र. चाळीतली खोली, शिलाई मशीन, हातात मोबाइल.)

तरीही काही जणी यात नीट कमावतात, कारण त्या उत्तरं देतात. ‘ताई, मुंढा ओढला जातोय,’ असं म्हणत, बाही जोडतात त्या भागाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. ही बाई जेवणाची भांडी आवरून बसते, फोटो मोठा करून बघते, कागदावर नवी रेघ मारून पाठवते. टेलिग्रामवरची चोरीची फाइल हे करू शकत नाही. ज्या मुलीचं ब्लाउज त्या रात्री अंगावर नीट बसतं, ती पुढचा कोर्स जाहिरातीशिवाय घेते, जावेलाही सांगते. खरा नफा इथे आहे, आणि तो कष्टाचा आहे. म्हणून या रात्रीच्या तासांचे पैसे वेगळे घ्यायलाच हवेत. कोर्सचे 499, आणि शंका विचारायच्या तर महिन्याचे वेगळे.