जुन्या छायाचित्रांतील गाड्या

श्रोतेहो, नमस्कार.

घरातल्या जुन्या आल्बममध्ये एखादे तरी छायाचित्र असे सापडते, की ज्यात घरची मंडळी मोटारीच्या फुटबोर्डवर पाय ठेवून उभी आहेत, किंवा एखादे काका मोटारसायकलवर ताठ बसून कॅमेऱ्याकडे पाहत आहेत. आपण त्यात माणसे शोधतो. जुन्या वाहनांचे शौकीन आधी गाडी पाहतात. तिचे ग्रिल, दिवे, मडगार्डचा उतार, नंबरप्लेटवरची अक्षरे न्याहाळतात आणि मग ते छायाचित्र केव्हाचे असावे, याचा अंदाज बांधतात. अशी छायाचित्रे एकमेकांना दाखवण्याचा, पाठवण्याचा आणि त्यांवर तासन्‌तास चर्चा करण्याचा छंद आज अनेकांना आहे. मी या छंदाला फार महत्त्व देतो. आरसी बुकात इंजिन नंबर आणि चेसी नंबर मिळतो, परंतु ती गाडी रस्त्यावर धावत होती तेव्हा दिसत कशी होती, हे कळायला बहुतेक वेळा घरच्या आल्बमाखेरीज दुसरा आधार उरलेला नसतो.

जीपचेच उदाहरण घेऊ. दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्कराने काढून टाकलेल्या, म्हणजे ज्यांना आपल्याकडे ‘डिस्पोजलच्या गाड्या’ म्हणत, अशा अनेक जीप खासगी मालकांच्या हाती आल्या. पुढे महिंद्र कंपनीने मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि नागरी वापराची जीप गावोगावी दिसू लागली. छायाचित्रात दोन्ही सारख्याच दिसतात. परंतु पुढच्या जाळीतील उभ्या फटी मोजल्या, तर लष्करी जीपच्या पत्र्याच्या जाळीला त्या नऊ भरतात आणि नागरी जीपला सात. नागरी जीपचे हेडलाइटही आकाराने मोठे असतात. आणखी खोलात जाणारे लोक समोरच्या बंपरमागची आडवी पट्टी नळीसारखी गोल आहे की चौकोनी, हे पाहतात, कारण लष्करी जीप विलिसने बनवलेली की फोर्डने, हे त्यावरून ओळखता येते. ‘आमच्या आजोबांची लढाईतली जीप’ असे घरात वर्षानुवर्षे सांगितले जाते. ते खरे आहे की नाही, याचा निर्णय असा त्या फटींच्या संख्येवर होतो.

नंबरप्लेटही असेच बोलते, फक्त तिचे बोलणे जपून ऐकावे लागते. 1939 च्या मोटार वाहन कायद्यानुसार पाटीवर तीन इंग्रजी अक्षरे आणि पुढे जास्तीत जास्त चार आकडे असत. मुंबई राज्याच्या काळातील पाट्यांवर ‘बीएम’सारखी अक्षरे दिसतात. 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरच्या पाट्या ‘एम’ने सुरू होतात, तर गोव्याच्या जुन्या पाट्यांवर ‘जीडी’ आढळते. आज आपण पाहतो त्या एमएच 12 किंवा एमएच 09 अशा पद्धतीच्या पाट्या 1989 पासूनच्या आहेत. मात्र ‘बीएम’ची पाटी दिसली म्हणून छायाचित्र 1960 च्या आधीचे आहे, असे म्हणता येत नाही. गाडीची नोंदणी त्या काळातली, एवढेच त्यावरून सिद्ध होते. ती पाटी घेऊन गाडी पुढे वीस वर्षेसुद्धा फिरलेली असू शकते. शेवटी मुलांच्या कपड्यांची फॅशन, मागच्या दुकानावरची पाटी किंवा भिंतीवरची निवडणुकीची घोषणा यांच्या मदतीने वर्ष निश्चित करावे लागते.

आपल्या भागात कोणत्या काळी कोणत्या गाड्या दिसतात, यामागे सरकारी धोरणाचाही मोठा हात आहे. जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना सुरू केला होता. त्यामुळे 1930 च्या दशकातील मराठी घरांच्या छायाचित्रांत शेवरोले दिसली, तर ती थेट अमेरिकेहून तयार होऊन आली असेलच असे नाही, शिवडीतही जुळवलेली असू शकते. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे डॉज, प्लिमथ आणि फियाट बाहेर पडू लागल्या. 1950 च्या दशकात परदेशी गाड्यांची आयात जवळजवळ बंद झाली आणि आल्बममधली विविधता एकदम आटली. नंतरच्या छायाचित्रांत बहुतेक फियाट, अॅम्बॅसेडर आणि स्टँडर्ड हेराल्ड एवढ्याच दिसतात. ज्या गोलमटोल फियाटला सगळे लाडाने ‘डुक्कर फियाट’ म्हणत, तिचे पुढचे दरवाजे मधल्या खांबाला जोडलेले असत आणि उलटे उघडत. दरवाजा उघडा ठेवून काढलेले छायाचित्र असेल, तर ओळख पटायला दुसरे काही पाहावे लागत नाही. गोव्यात 1961 पर्यंत पोर्तुगीज अंमल असल्यामुळे भारतातील आयातबंदी तिथे लागू नव्हती. म्हणून त्या वर्षांतील गोव्याच्या छायाचित्रांत ज्या युरोपीय गाड्या सहज दिसतात, त्या त्याच वेळच्या पुण्या-कोल्हापुरात क्वचितच आढळतात.

मोटारसायकलींच्या बाबतीत बारकावे आणखी मनोहर आहेत. म्हैसूरच्या आयडियल जावाच्या जावा गाडीत गिअर बदलण्याचा आणि किक मारण्याचा दांडा एकच असतो. मद्रासमध्ये तयार होणाऱ्या जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी असतो. चालवणाऱ्याचा कोणता पाय कुठे टेकला आहे, एवढ्यावरूनही जाणकार बरेच काही सांगतात.

युद्धकाळातील छायाचित्रांविषयी मी थोडे अधिक बोलणार आहे, कारण ती फार थोडी उरली आहेत. त्या वर्षांत पेट्रोलचे रेशनिंग होते आणि अनेक मोटारी व बसगाड्या कोळशाच्या वायूवर चालवल्या जात. गाडीच्या मागे किंवा बाजूला पिंपाएवढी भट्टी बसवत. तिच्यात लोणारी कोळसा अपुऱ्या हवेत जाळला, की कार्बन मोनॉक्साइड असलेला ज्वलनशील वायू तयार होई, तो थंड करून, गाळून इंजिनाला पुरवला जाई. गाडीची ताकद पेट्रोलच्या तुलनेत बरीच कमी पडे, आणि निघण्यापूर्वी भट्टी पेटून वायू तयार होईपर्यंत थांबावे लागे. युद्ध संपल्यावर ही भट्टी भंगारात गेली, म्हणून ती लावलेली गाडी आज पाहायला मिळणे जवळपास अशक्य आहे. ब्लॅकआउटसाठी हेडलाइटवर चढवलेली झाकणे आणि मडगार्डच्या कडांना फासलेला पांढरा रंग यांचेही तेच झाले. आपल्याकडे अशी भट्टी दिसणारे एखादे धुरकट, फाटके छायाचित्र असेल, तर ते कृपा करून टाकून देऊ नका.

रंगाच्या बाबतीत मात्र कृष्णधवल छायाचित्र फसवू शकते. जुन्या काळी प्रचलित असलेल्या एका प्रकारच्या काचेच्या निगेटिव्हवर आणि फिल्मवर लाल रंगाचा परिणाम होतच नसे. त्यामुळे लाल गाडी काळी उमटे आणि निळी फिकट पांढरी दिसे. अशा छायाचित्रावर विसंबून गाडी रंगवली, तर सगळा खर्च वाया जातो. हल्ली संगणकाच्या मदतीने जुनी छायाचित्रे रंगीत करून पाठवण्याची जी पद्धत पडली आहे, तिला माझा विरोध याच कारणाने आहे. ते रंग यंत्राने अंदाजाने भरलेले असतात, आणि चार हात फिरल्यावर कोणीतरी त्यांनाच पुरावा मानतो. मूळ छायाचित्र जसे आहे तसेच पाठवावे, हवे तर रंगीत प्रत सोबत वेगळी द्यावी.

आणखी एक सावधगिरी सांगतो. जत्रेतील फोटो स्टुडिओत लाकडाची मोटारसायकल किंवा रंगवलेल्या फळीची मोटार ठेवलेली असे आणि लोक हौसेने तिच्यावर बसून छायाचित्र काढून घेत. अशा छायाचित्रात गाडीची चाके जमिनीला नीट टेकलेली नसतात, सावलीही जुळत नाही. ती छायाचित्रेही जपण्यासारखीच आहेत, कारण ज्यांना गाडी घेणे कधीच परवडले नाही, त्यांची हौस त्यांतच उमटली आहे.

आता पाठवण्याविषयी. छायाचित्राच्या कडा कापू नका, कारण अर्धा दिसणारा बंपरसुद्धा उपयोगी पडतो. मागची बाजूही टिपा, तिथे अनेकदा स्टुडिओचा शिक्का किंवा पेन्सिलने लिहिलेली तारीख असते. मोबाइलने टिपताना फ्लॅश बंद ठेवून सावलीतल्या उजेडात टिपा, आणि व्हॉट्सअॅपवर फाइल म्हणून पाठवा, म्हणजे बारकावे नाहीसे होत नाहीत. लॅमिनेशन तर मुळीच करू नका. घरातील वडीलधाऱ्यांना छायाचित्रातील माणसांची नावे, गाव आणि गाडी कोणाची होती हे आजच विचारून लिहून ठेवा, आणि हयात व्यक्तींची छायाचित्रे त्यांना विचारल्याशिवाय पुढे पाठवू नका.

या सगळ्याला आता कायद्याचेही एक कारण मिळाले आहे. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांसाठी व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी सुरू केली. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये असून ती दहा वर्षे चालते, आणि आधीच नोंद असलेल्या गाडीला आपला मूळ क्रमांक ठेवता येतो. अट अशी आहे, की चेसी, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार न करता गाडी मूळ रूपात राखलेली असावी. मूळ रूप कोणते, हे ठरवायला गाडीच्या मालकाला पहिल्या मालकाच्या घरातील छायाचित्र मिळाले, तर त्याहून चांगले काय असणार? पूर्वी आपल्या कुटुंबाने विकलेली गाडी आज सांगलीत किंवा नाशिकमध्ये कोणाच्या तरी शेडमध्ये उघडून ठेवलेली असेल, आणि तिला मागचा दिवा एक होता की दोन, हे न कळल्यामुळे तिचे काम अडून राहिले असेल. त्या दिव्याचे छायाचित्र कदाचित आपल्याच आल्बममध्ये असेल.