बोलावणं

श्रोतेहो, नमस्कार.

एका सोळा वर्षांच्या मुलापासून सुरुवात करते. रविवारची सकाळ आहे. अंगात पांढरा शर्ट, गळ्यात टाय, तोही बहुधा वडिलांनीच बांधून दिलेला. समोर पांढऱ्या कापडानं झाकलेलं टेबल. सगळे भक्तिगीत म्हणत असताना यानं पावाचे तुकडे केलेत. गीत संपतं, तो गुडघे टेकतो आणि पावावरची प्रार्थना म्हणू लागतो. या प्रार्थनेतला शब्द न् शब्द ठरलेला आहे आणि छापील कार्ड समोरच आहे. तरी मध्येच एक शब्द निसटतो. मुलगा थांबतो, मान वर करून बिशपकडे बघतो. बिशप हलकेच खूण करतो, पुन्हा म्हण. मुलगा पहिल्या शब्दापासून परत सुरू करतो. सभागृहात माना खाली घालून बसलेली माणसं थांबून राहतात. एखादं तान्हं मूल रडतं तेवढंच. प्रार्थना पुरी होते आणि त्याच्याहूनही लहान, बारा-तेरा वर्षांची मुलं पावाची तबकं घेऊन रांगारांगांतून फिरायला लागतात. मागून इवल्याशा पेल्यांतून पाणी येतं. इथे वाइन नसते.

ही मॉर्मन नावाच्या अमेरिकी ख्रिस्ती पंथातल्या लोकांची रविवारची सभा. मॉर्मन हे खरं तर टोपणनाव. ही माणसं स्वतःला लॅटर-डे सेंट्स, म्हणजे अखेरच्या दिवसांतले संत म्हणवतात. ‘संत’ शब्दाला बिचकू नका. त्यांच्या लेखी टाय वाकडा झालेला तो मुलगाही संतच.

आणि तो बिशप? तो धर्मशास्त्र शिकलेला, पगारी धर्मगुरू नाही. सोमवार ते शुक्रवार तो दातांचा डॉक्टर असेल, नळदुरुस्ती करत असेल, नाहीतर कुणाच्या तरी कंपनीत हिशेब बघत असेल. पाचेक वर्षं तो या मंडळीचा सांभाळ करतो. कुणाचं घरभाडं थकलंय, कुणाचा संसार मोडायला आलाय, कुणाचा मुलगा घर सोडून गेलाय, हे सगळं त्याच्या संध्याकाळच्या वेळेत बसतं. याचा त्याला एक डॉलरही मिळत नाही. त्यानं हे काम मागितलेलंही नसतं. त्याला बोलावणं आलेलं असतं.

आज मला या ‘बोलावणं’ शब्दाबद्दलच बोलायचंय. स्वयंसेवा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो आपल्या मनानं पुढे झालेला माणूस. वेळ मिळाला, आवड होती, गेला. मॉर्मन मंडळीत बहुतेक वेळा उलटं घडतं. कुणीतरी फोन करतं, “दहा मिनिटं भेटायचं होतं,” म्हणतं आणि त्या भेटीत सांगतं: तुम्ही आता सात वर्षांच्या मुलांचा वर्ग घ्या. किंवा, पियानो वाजवा. किंवा, मंडळीच्या नोंदवह्या सांभाळा. नाही म्हणायला बंदी नाही, पण म्हणणारे थोडे. पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर नाव वाचलं जातं, लोक उजवा हात वर करून पाठिंबा देतात आणि काम सुरू. अनुभव, आवड, पात्रता, हे प्रश्न नंतरचे. काही वेळा ते कुणी विचारतही नाही.

मंडळीसुद्धा निवडायची सोय नाही. मंडळीला ते वॉर्ड म्हणतात. वॉर्डांच्या हद्दी नकाशावर आखलेल्या असतात; तुमचं घर ज्या हद्दीत, तो तुमचा वॉर्ड. पलीकडच्या वॉर्डातलं गाणं चांगलं असेल, असू द्या. इथे शेजारचा वकील, त्याच्याकडे बागकाम करणारा आणि त्या दोघांशीही न पटणारी समोरची आजी, तिघं एकाच बाकावर.

या पंथाची स्थापना 6 एप्रिल 1830 रोजी न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ या तरुणानं केली. बायबलच्या जोडीनं ज्याला ते पवित्र मानतात तो ‘बुक ऑफ मॉर्मन’ त्याच वर्षी छापून निघाला. पुढे हकालपट्ट्या झाल्या, 1844 मध्ये स्मिथचा जमावानं खून केला, आणि 1847 च्या जुलैमध्ये स्मिथनंतरचा नेता ब्रिगहॅम यंग याच्या मागून ही माणसं पश्चिम अमेरिकेत, आजच्या युटा राज्यातल्या खाऱ्या सरोवराकाठी पोचली. ओसाड खोऱ्यात पाटाचं पाणी आणायचं तर ज्याला जे सांगितलं ते त्यानं करायचं, याला पर्याय नव्हता. सांगितलेलं काम अंगावर घेण्याची सवय तिथे आणखी मुरली असावी, असं मला वाटतं.

ती किती मुरली, याचा एक नमुना. 1852 च्या ऑगस्टमध्ये सॉल्ट लेक सिटीत, म्हणजे त्याच सरोवराजवळ त्यांनी वसवलेल्या गावात, सभा भरली आणि शंभराहून अधिक पुरुषांची नावं वाचली गेली. हे सगळे धर्मप्रचारासाठी परदेशी जाणार. काहींना आपलं नाव तिथे बसल्या बसल्याच कळलं. त्यांतल्या काहींच्या वाट्याला हिंदुस्थान आला. त्याच वर्षी ब्रिटनमधून ह्यू फिंडले नावाचा प्रचारक मुंबईत उतरला आणि पुढे पुण्यातही त्यानं खटपट केली. हाती फारसं लागलं नाही. गोऱ्या शिपायांत आणि आसपास मोजकी माणसं मिळाली, तीही पुढे पांगली.

आजही प्रचाराला जाणारी तरुण मुलं-मुली ठिकाण निवडत नाहीत. मुलगे दोन वर्षं जातात, मुली साधारण दीड वर्ष. पत्र येतं आणि त्यात देशाचं नाव असतं. खर्च घरचा किंवा मंडळीतल्या कुणीतरी उचललेला. सोबतीही ठरवून दिलेला, चोवीस तास त्याच्याबरोबर, मग तो घोरत का असेना. 2019 पर्यंत घरी फोन करायची मुभा वर्षातून दोनदाच होती, नाताळला आणि मातृदिनाला. आता दर आठवड्याला करता येतो. हा बदल फार आधी व्हायला हवा होता, असं वाटणारी आई मी एकटीच नसेन.

पण सगळं वरूनच येतं असंही नाही. 1842 मध्ये इलिनॉयमधल्या नावू गावात मंदिराचं बांधकाम चाललं होतं. मार्गारेट कुक नावाची शिवणकाम करणारी बाई मालकिणीला, सारा किमबॉलला म्हणाली, कामगारांच्या अंगावरचे कपडे फाटलेत. माझ्याकडे कापड नाही, पण शिवून देईन. सारा म्हणाली, कापड माझं. दोघींनी आणखी बायका गोळा केल्या आणि 17 मार्चला वीस जणींची ‘रिलीफ सोसायटी’ उभी राहिली. आज पंथातल्या सगळ्या प्रौढ स्त्रिया तिच्या सभासद असतात. 1876 पासून याच बायकांनी दुष्काळासाठी गहू साठवायला सुरुवात केली. शेतात सांडलेलं वेचून, विकत घेऊन, कोठारं बांधून. पहिल्या महायुद्धात, 1918 मध्ये, अमेरिकी सरकारनं त्यांच्याकडून 2 लाखांहून अधिक बुशेल गहू घेतला; गव्हाचा एक बुशेल म्हणजे साधारण 27 किलो.

मदतीची त्यांची एक गोष्ट मात्र मला गव्हाच्या कोठारांहून मोठी वाटते. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं. हॉलंडमध्ये लोक उपासमारीतून गेलेले, ट्यूलिपचे कंद खाऊन जगलेले. 1947 मध्ये तिथल्या मंडळींचे प्रमुख कॉर्नेलियस झॅपी यांनी सभासदांना सांगितलं की मिळेल त्या मोकळ्या जागेत बटाटे लावा. लोकांनी लावले. पीक जोमदार आलं. आता हिवाळा निभावेल म्हणून सगळे खूश. आणि मग झॅपींनी विचारलं, हे बटाटे जर्मनीतल्या आपल्या बांधवांना देता का?

जर्मनीतल्या. ज्यांच्या सैन्यानं पाच वर्षं हा देश टाचेखाली ठेवला होता, त्यांना. काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, काहींच्या घशात आवंढा आला असेल. न आला तरच नवल. अन्न देशाबाहेर न्यायला परवानगी मिळवतानाही बरीच खटपट करावी लागली. अखेर बटाट्यांनी भरलेले ट्रक निघाले. पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा पाठवले, वर हेरिंग मासेही दिले. इथे हुकूम नव्हता, नुसतं विचारलं होतं. पण वर्षानुवर्षं लहानसहान कामांना ‘हो’ म्हणत आलेल्या तोंडाला मोठ्या वेळी ‘नाही’ म्हणणं जड गेलं असेल का? मला हा प्रश्न सोडत नाही.

रोजच्या पातळीवर याची रचना साधी आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचं जेवण सोडायचं आणि वाचलेले पैसे गरजूंसाठी द्यायचे. उत्पन्नाचा दहावा हिस्सा द्यायचा तो वेगळा. मंदीच्या काळात, 1936 मध्ये, या मदतीला पक्की यंत्रणा मिळाली. बिशपचं कोठार म्हणून जे असतं ते बाहेरून एखाद्या किराणा दुकानासारखंच दिसतं. पीठ, दूध, डबाबंद फळं, साबण. फक्त गल्ला नसतो. बिशपनं किंवा रिलीफ सोसायटीच्या बाईंनी भरून दिलेली यादी घेऊन माणूस येतो, स्वयंसेवक ढकलगाडीत सामान भरून देतात. घेणाऱ्यालाही जमेल ते काम करायला सांगतात, कधी तिथेच फडताळं लावायला. मदत घेतलेला माणूस खाली मान घालून घरी जाऊ नये, हा त्यामागचा विचार.

मयताच्या घरचं जेवण हे तर युटातल्या बायकांचं हातखंडा काम. किसलेले बटाटे, चीज, आंबट साय, वर कॉर्नफ्लेक्सचा चुरा, असा भाजलेला प्रकार अंत्यविधीनंतरच्या जेवणात हमखास असतो. त्याचं नावच ‘फ्युनरल पोटॅटोज’ पडलंय. नाव ऐकून भूक मरावी, पण लोक ते सणालाही चापून खातात.

आता अभ्यास. त्यांच्या एका पवित्र ग्रंथात देवाचं तेज म्हणजेच बुद्धी, अशा अर्थाचं वचन आहे आणि ते ही माणसं मनावर घेतात. 1912 मध्ये सॉल्ट लेकमधल्या एका माध्यमिक शाळेशेजारी पौगंडावस्थेतल्या मुलांसाठी धर्मशिक्षणाचा पहिला वर्ग निघाला. त्याला ‘सेमिनरी’ म्हणतात. युटात तो शाळेच्या वेळातच बसतो. इतर बऱ्याच ठिकाणी मात्र शाळेआधी, म्हणजे भल्या पहाटे. चार वर्षं. पहाटेच्या अंधारात डोळे चोळत आलेली चौदा वर्षांची मुलं, आणि त्यांना शिकवायला बोलावणं आलेली एक बाई. ती दिवसा नोकरी करते आणि रात्री अकराला उद्याचा धडा वाचत बसते. त्या वर्गात सगळ्यांत जास्त कोण शिकतं, हे सांगायला नको.

बसल्या जागी करायची एक सेवा मला फार आवडते. पूर्वजांची नावं शोधणं हे त्यांचं धर्मकार्य आहे, कारण मृतांच्या वतीनंही बाप्तिस्मा घेता येतो अशी त्यांची श्रद्धा. त्यासाठी 1894 मध्ये त्यांनी वंशावळींची संस्था काढली. तिचं आजचं रूप म्हणजे फॅमिलीसर्च. 2012 मध्ये अमेरिकेची 1940 ची जनगणना खुली झाली तेव्हा 13 कोटींवर हस्तलिखित नावं स्वयंसेवकांनी काही महिन्यांत संगणकावर उतरवली. त्यांत पंथाबाहेरचेही खूप होते. जनगणनेच्या कारकुनाचं अक्षर लावत, हा ‘एन’ की ‘यू’ म्हणून भिंगातून बघत, कुणा अनोळखी कुटुंबातल्या पाचव्या मुलाचं नाव बरोबर लिहायचं. त्या कुटुंबाला हे कधी कळणार नाही.

या चित्राला काळ्या कडा आहेत, त्या झाकून चालणार नाही. 1978 पर्यंत कृष्णवर्णीय पुरुषांना पौरोहित्य, म्हणजे पावावरच्या प्रार्थनेसारखे विधी करायचा अधिकार, मिळत नव्हतं. बिशप आजही पुरुषच होतो. एवढी कामं ओढणाऱ्या बायकांना ते पद नाही, आणि हे सलणाऱ्या बायका पंथातही आहेत. पैशांचा व्यवहार बंद मुठीतला: गुंतवणुकीची माहिती नीट उघड न केल्याबद्दल 2023 मध्ये पंथाला आणि त्याच्या गुंतवणूक कंपनीला मिळून 50 लाख डॉलर दंड भरावा लागला. आणि बोलावण्यांचा थकवा असतोच. नवरा बिशप झाला की बायको पाच वर्षं चार मुलांना घेऊन बाकावर एकटी बसते. घरातली वादळं हाताळायला एखादा हिशेबनीस तयार असतोच असं नाही. कधी तो चुकीचा सल्ला देतो आणि त्याचे भोग दुसऱ्याला भोगावे लागतात. शिवाय पगारी वक्ता नसल्यामुळे दर रविवारी मंडळीतल्याच कुणाला तरी भाषणाला उभं करतात, आणि ती भाषणं कित्येकदा भयंकर कंटाळवाणी असतात. हे मी मायक्रोफोनसमोर बसून बोलतेय, याची मला कल्पना आहे.

चहा-कॉफी, दारू, तंबाखू नाही, सोमवारची संध्याकाळ घरच्यांसाठी राखलेली, हे तुम्हाला ठाऊक असेल. त्यावर वेळ घालवत नाही. मला सांगायचंय ते बोलावणं सुटतं त्या दिवसाबद्दल.

काम जसं न मागता येतं तसंच न विचारता जातं. पाच-सहा वर्षं ज्याच्या दारावर रात्री-अपरात्री थाप पडत होती त्या बिशपचं नाव एका रविवारी पुन्हा वाचलं जातं. आभार मानणाऱ्यांनी हात वर करा. हात वर होतात. व्यासपीठावरून उतरून तो बायकोशेजारी जाऊन बसतो. निरोपसमारंभ नाही, निवृत्तिवेतन नाही, ‘माजी’ म्हणून वेगळी खुर्चीही नाही. थोड्या दिवसांत पुन्हा फोन येतो, दहा मिनिटं भेटायचं होतं. आणि मग दीड ते तीन वर्षांच्या मुलांच्या खोलीत कालचा बिशप जमिनीवर मांडी घालून बसलेला दिसतो. एका पोरानं त्याचा टाय धरलाय, दुसरं त्याच्या मांडीवर बिस्किटाचा चुरा करतंय, आणि तो घड्याळाकडे बघत साबणाचे फुगे उडवतोय.

नमस्कार.