तलवार असेल त्यालाच मत

(दृश्य: आपेनत्सेलचा चौक. रंगवलेल्या लाकडी घरांच्या मधोमध दोरखंड बांधून केलेलं रिंगण.)

एप्रिल महिन्याचा शेवटचा रविवार. पूर्व स्वित्झर्लंडमधलं आपेनत्सेल गाव. सकाळची चर्चमधली प्रार्थना आटोपली आहे. दुपारी बाराच्या सुमाराला बँड सुरू होतो, झेंडे निघतात आणि काळे झगे घातलेले मंत्री आणि न्यायाधीश संथ पावलं टाकत चौकाकडे येतात. चौक माणसांनी आधीच भरलेला असतो.

आता पुरुषांच्या हातांकडे नीट बघा. कुणाकडे बारीक पात्याची तलवार आहे, कुणाकडे संगीन. पुष्कळांकडे ती वडिलांकडून आलेली असते आणि वडिलांकडे आजोबांकडून. मुलगा मतदानाच्या वयाला आला की घरातली तलवार त्याच्या हाती दिली जाते. लढाईशी तिचा संबंध कधीच सुटला. आता ती मतदार असल्याचा पुरावा आहे. दोराच्या आत जाताना तलवार दाखवली की झालं, दुसरा कागद कुणी मागत नाही.

या सभेला म्हणतात लान्ड्सगेमाइंडे. आपेनत्सेल इनररोडन हे स्वित्झर्लंडचं एक राज्य आहे. तिथे राज्याला कँटन म्हणतात. १७२ चौरस किलोमीटर जमीन आणि आज जेमतेम १६ हजार वस्ती. राज्याचे मंत्री या चौकातच निवडले जातात, कायदेही इथेच मंजूर होतात. मतपेटी नाही की यंत्र नाही. हात वर करायचा. लांडामान, म्हणजे राज्याचा प्रमुख, व्यासपीठावरून गर्दीवर नजर फिरवतो आणि बहुमत कुठल्या बाजूला आहे ते जाहीर करतो. अगदीच अटीतटीचं झालं तर डोकी मोजतात. एरवी नजरेचा अंदाज हाच निकाल.

एकट्या मतदारालाही इथे कायद्याचा प्रस्ताव मांडता येतो. व्यासपीठावर चढून मंत्र्याच्या तोंडावर त्याच्या विरोधात बोलता येतं. गवळी, सुतार, वकील सगळे खांद्याला खांदा लावून उभे असतात. लोकशाही इतकी हाताशी आलेली जगात फार थोड्या ठिकाणी दिसते. मला ही सभा मनापासून आवडते, आणि म्हणूनच २९ एप्रिल १९९० या दिवशी इथे जे घडलं ते जास्त बोचतं.

(दृश्य: १९९० ची चित्रफीत. वर उचललेल्या हातांचं रान.)

त्या रविवारी प्रश्न होता: या चौकात बायकांनाही मत द्यायचं का? हात वर झाले. लांडामाननं नजर फिरवली. नकार इतका ठळक होता की डोकी मोजायची वेळच आली नाही. त्यामुळे किती जणांनी नाही म्हटलं हा आकडा इतिहासात नोंदलेलाच नाही. दोराबाहेर आणि घरांच्या खिडक्यांत बायका उभ्या होत्या. त्यांचाच निकाल त्यांच्यासमोर लागत होता.

याआधी १९७३ मध्ये नकार मिळाला होता, १९८२ मध्येही मिळाला होता. हा तिसरा.

आणि साल १९९० होतं, हे विसरू नका. बर्लिनची भिंत पाच महिन्यांपूर्वी पडली होती. आपल्याकडे १९५१-५२ च्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत बायकांनी आणि पुरुषांनी सारख्याच हक्कानं मत दिलं होतं. युरोपच्या ऐन मध्यावर, जिथली घड्याळं आणि बँका जगाला भरवशाच्या वाटतात त्या देशात, हा प्रश्न अजून हात वर करून सोडवला जात होता.

हे इतकं का लांबलं? इतर बहुतेक देशांत हा हक्क संसदेनं कायदा करून दिला. स्वित्झर्लंडमध्ये राज्यघटनेत अक्षर बदलायचं तरी लोकांचं मत घ्यावं लागतं. आणि तेव्हा लोक म्हणजे पुरुष. ज्यांच्या हातात मत होतं, त्यांनाच विचारायचं की त्यात दुसऱ्याला वाटा द्यायचा का. शिवाय हा प्रश्न देशाच्या पातळीवर सुटला तरी राज्यात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

एमिली केम्पिन-स्पिरी या बाईंचं नाव इथे घ्यायलाच हवं. कायद्यात डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्विस स्त्री. १८८७ मध्ये त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. वकील म्हणून उभं राहायला सक्रिय नागरिकत्व लागायचं, म्हणजे मताचा अधिकार, आणि तो त्यांना नव्हता. त्यांचा युक्तिवाद साधा होता: सगळे स्विस कायद्यापुढे समान, असं घटना म्हणते, मग मी स्विस नाही का? न्यायालयानं हा अर्थ जितका नवा तितकाच धाडसी ठरवला आणि दावा फेटाळला. हे न्यायालय लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

(दृश्य: वाले राज्यातलं डोंगरउतारावरचं उंटरबेख गाव.)

सत्तर वर्षांनी, १९५७ च्या मार्च महिन्यात, उंटरबेख नावाच्या डोंगरी गावात एक वेगळीच गोष्ट झाली. देशात जनमत घ्यायचं होतं ते नागरी संरक्षणाच्या सेवेबद्दल, आणि ती सेवा बायकांवरही सक्तीची होणार होती. बायकांवर कामाची सक्ती करायची की नाही, हे पुरुष ठरवणार. गावच्या पंचायतीला हे पटलं नाही. त्यांनी गावातल्या बायकांना मतदानाला बोलावलं. राज्य सरकारनं डोळे वटारले, तरी बोलावलं. सरपंचांच्या पत्नी काथारिना झेनहॉयझर्न सर्वांत आधी गेल्या आणि त्यांनी चिठ्ठी पेटीत टाकली. त्यांच्यासह ३३ बायकांनी मत दिलं. बायकांची पेटी वेगळी ठेवलेली होती. ती मतं मोजणीत धरलीच गेली नाहीत.

पण ३३ बायका घरातून निघाल्या, गावाच्या देखत चालत गेल्या आणि मत टाकून आल्या. बाहेर पत्रकार कॅमेरे घेऊन उभे होते, गावातल्याच काही पुरुषांचा विरोध होता. मोजलं जाणार नाही हे माहीत असताना मत द्यायला जायचं, याला काय लागतं याचा विचार करून बघा.

दोन वर्षांनी, १ फेब्रुवारी १९५९ ला देशभर जनमत झालं. ६७ टक्के पुरुषांनी नकार दिला. इनररोडनमध्ये तर ९५ टक्क्यांनी. त्याच दिवशी वो राज्यानं मात्र आपल्यापुरता होकार दिला, मग नशातेल आणि जिनिव्हानं. फ्रेंच बोलणारा पश्चिम भाग पुढे गेला, जर्मन बोलणारी पूर्व अडून बसली. बायकांना मत नको म्हणणारी एक संघटनाही होती, आणि ती बायकांचीच होती. घर सांभाळणं हेच आमचं मोठेपण, असं त्या म्हणत. त्यांचं म्हणणं मला पटत नाही. पण त्यांना अडाणी म्हणून बाजूला सारणंही बरोबर नाही. राजकारणाचा चिखल घरात येईल ही भीती त्यांना खरीच वाटत होती.

मग आला १ मार्च १९६९. सरकार युरोपच्या मानवी हक्क करारावर सही करायला निघालं होतं, पण बायकांच्या मताचा मुद्दा वगळून. हे ऐकून सुमारे पाच हजार माणसं राजधानी बर्नमध्ये संसदेसमोर जमली. बायकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या, लाल कोट घातलेल्या एमिली लीबरहेर यांनी भाषण केलं आणि मग मैदानभर शिट्ट्या सुरू झाल्या. हक्कांच्या करारावर सही करायची आणि अर्ध्या देशाला त्यातून वगळायचं, हे सरकारला पुढे रेटता आलं नाही. ७ फेब्रुवारी १९७१ ला दुसरं जनमत झालं आणि ६५.७ टक्के पुरुषांनी होकार दिला. इनररोडनच्या ७१ टक्क्यांनी तेव्हाही नाहीच म्हटलं, पण देशाचं बहुमत झालं होतं.

आता इथून पुढचा पेच ऐका. १९७१ पासून इनररोडनची बाई देशाच्या प्रश्नांवर मत देऊ लागली. संरक्षण, परराष्ट्र धोरण, देशाची घटना, सगळ्यावर. १९८४ मध्ये एलिझाबेथ कोप देशाच्या पहिल्या महिला मंत्री झाल्या. पण स्वतःच्या राज्याचा कर, राज्याचा कायदा, राज्याचा मंत्री, यांत तिला बोलता येत नव्हतं. चौकातला दोर तिच्यासाठी बंदच होता.

आणि ही बाई घरात गप्प बसलेली नव्हती. इथलं हातभरतकाम युरोपभर नावाजलेलं होतं. डोंगराळ शेतीतल्या घरांत रोकड यायची ती पुष्कळदा या बायकांच्या सुईतून. सभेच्या दिवसाचा एक रिवाजही सांगतो. पुरुष घरी परतताना बायकामुलांसाठी खाऊ आणायचे. हेझलनटचं सारण भरलेला एक गोड पदार्थ इथे खास याच सभेच्या नावानं ओळखला जातो. त्यात प्रेमच होतं, मला शंका नाही. पण सभेतून बायकोच्या वाट्याला यायचं ते एवढंच.

विरोधाची कारणं काय होती? चौक लहान आहे, एवढी माणसं मावणार नाहीत. ही परंपरा शेकडो वर्षांची आहे. आमच्या बायकांनाच नको आहे. यातलं चौकाचं कारण मी पुन्हापुन्हा वाचलं, कारण ते खरंच गंभीरपणे मांडलं गेलं होतं. आणि सर्वांत मोठं कारण कुणी मोठ्यानं सांगत नव्हतं, असं मला वाटतं. हात उघड्यावर वर करायचा होता. शेजारी वडील, मागे काका, डावीकडे दूध घेणारा व्यापारी. चिठ्ठी असती तर मनातलं लिहिता आलं असतं. ज्या उघडेपणाचं मी मघाशी कौतुक केलं, तोच इथे माणसांच्या हाताला धरून खाली ओढत होता.

शेजारचं आउसररोडन हे जुळं राज्य. १५९७ मध्ये धर्मावरून दोघं वेगळी झाली, इनररोडन कॅथलिक राहिलं, आउसररोडन प्रोटेस्टंट. तिथेही असेच नकार होत होते. ३० एप्रिल १९८९ ला अगदी काठावर होकार झाला. त्यामुळे २९ एप्रिल १९९० ला चित्र असं होतं: ट्रोगनच्या चौकात आउसररोडनच्या बायका पहिल्यांदा हात वर करत होत्या, आणि काही किलोमीटरवर आपेनत्सेलमध्ये पुरुष त्यांच्या बायकांना नाही म्हणत होते. एकच रविवार.

पण आपेनत्सेलची एक रहिवासी या नकाराची वाट बघत थांबली नव्हती. टेरेसा रोनर. मला सभेत मत देऊ द्या, असा अर्ज तिनं आधीच केला होता. तो फेटाळला गेला तेव्हा ती लोझानच्या सर्वोच्च न्यायालयात गेली. सभेच्या नकारानंतर आणखी बायका आणि पुरुषही तक्रारी घेऊन तिथे पोचले. पुरुषही, हे महत्त्वाचं. रोनरला धमक्या आल्या. ज्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात तिथे गावाला कोर्टात खेचणं म्हणजे रोज सकाळी त्याच माणसांमधून पाव आणायला जाणं.

(दृश्य: लोझान, सर्वोच्च न्यायालयाची इमारत.)

२७ नोव्हेंबर १९९०. केम्पिन-स्पिरींना परत पाठवणारं तेच न्यायालय. मधल्या काळात, १९८१ मध्ये, स्त्री-पुरुष समानतेचं कलम देशाच्या घटनेत आलं होतं. न्यायाधीशांनी एकमतानं निर्णय दिला: इनररोडनच्या घटनेत मतदारांसाठी जे शब्द आहेत त्यांत बायकाही येतात. नवी सभा नको, घटनादुरुस्ती नको, आहे तोच मजकूर नीट वाचा. केम्पिन-स्पिरी १०३ वर्षांपूर्वी हेच सांगत होत्या.

यावर आजही वाद घालणारे आहेत. लोझानच्या न्यायाधीशांनी आमच्या लोकांचा कौल मोडला, लोकांना वेळ दिला असता तर त्यांनी स्वतःच होकार दिला असता, असं म्हणतात. दिलाही असता. पण किती वर्षांनी? तोपर्यंत साठ-सत्तरीच्या बायका राज्याच्या कारभारात एकदाही हात वर न करता गेल्या असत्या, आणि कितीतरी गेल्याच होत्या. माणसाचा मूळ हक्क शेजाऱ्यांच्या हातांवर टांगून ठेवता येत नाही. न्यायालयानं केलं ते योग्य केलं, असं मी ठामपणे म्हणतो.

२८ एप्रिल १९९१ ला आपेनत्सेलच्या बायका दोराच्या आत आल्या. त्यांच्या हातात तलवार नव्हती, मतदार कार्ड होतं. गडबड होईल, दंगा होईल, असं बोललं जात होतं, पण काही झालं नाही. लांडामाननं शपथ दिली, सगळ्यांनी तीन बोटं वर करून ती म्हटली आणि कामकाज सुरू झालं. चौक पुरला. दीड महिन्यानं, १४ जूनला, देशभरातल्या सुमारे पाच लाख बायकांनी समान वागणुकीसाठी संप केला. मताचा प्रश्न सुटला म्हणजे सगळे सुटले असं त्यांनी मानलं नव्हतं.

पुरुष अजूनही तलवार घेऊन येतात, बायका कार्ड घेऊन. पण हात सारखेच मोजले जातात. १९९६ मध्ये याच चौकानं रूथ मेट्झलर यांना राज्याचं अर्थखातं दिलं. तीन वर्षांनी, वयाच्या ३४ व्या वर्षी, त्या देशाच्या मंत्रिमंडळात गेल्या. आणि २०२५ च्या सभेत इनररोडननं पहिल्यांदा एक बाई लांडामान म्हणून निवडली, अँजेला कोलर. हात वर करून.