मारून कोयोटी कमी का होत नाहीत?

(तालुक्याच्या गावी ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, अध्यक्षांनी ओळख करून देताना मला वन्यप्राण्यांचा डॉक्टर म्हटलं. तसा मी नाही. मी मेंढ्यांचा डॉक्टर. आयडाहो आणि युटा ही अमेरिकेच्या पश्चिम भागातली दोन राज्यं. तिथे माझ्या नोकरीची बरीच वर्षं मेंढ्यांची बाळंतपणं करण्यात गेली. कोयोटीशी ओळख झाली ती मेलेल्या कोकरांमुळे. तेव्हा आज मी त्याचा वकील म्हणून उभा नाही, आणि बंदूकवाल्यांचाही नाही.

कोयोटी दिसायला आपल्या कोल्ह्याचा थोराड भाऊ. लांडग्यापेक्षा लहान, अंगाने सडपातळ, कान मोठे, शेपूट झुबकेदार आणि पळताना खाली सोडलेली. पश्चिमेकडचा कोयोटी साधारण नऊ ते चौदा किलोंचा. उंदीर, ससे, टोळ, मेलेलं जनावर, हरणाचं पाडस, रानातली बोरंबिरं, शेतातली कलिंगडं, काहीही खातो. कलिंगड फोडून नेमका आतला गर खाल्लेला मी पाहिला आहे. शेतकऱ्याला आधी वाटलं, पोरांचं काम.

तीनशे वर्षांपूर्वी हा प्राणी मुख्यतः अमेरिकेच्या मधल्या गवताळ प्रदेशात, नैर्ऋत्येच्या कोरड्या मुलखात आणि मेक्सिकोत होता. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला जवळजवळ नव्हताच. थॉमस से या निसर्गअभ्यासकाने 1823 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं तेव्हा तो 'कुरणातला लांडगा' म्हणूनच ओळखला जायचा. आज हवाई सोडून अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात तो आहे. उत्तरेला अलास्कापर्यंत पोचला, दक्षिणेला पनामापर्यंत. 1980 च्या दशकात कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरसुद्धा गेला, समुद्राच्या बर्फावरून चालत. शिकागो शहरात तर लाखोंच्या वस्तीत राहतो. तिथे 2000 सालापासून त्यांच्या गळ्यात पट्टे घालून अभ्यास चालू आहे.

आणि हा सगळा पसारा वाढला तो सरकार त्याला मारत असताना! ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्याभोवतीच फिरतं.

1915 मध्ये अमेरिकेच्या संसदेने शिकारी प्राणी मारण्यासाठी सव्वा लाख डॉलर मंजूर केले. 1931 मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदाच आला. सरकारी पगारावरचे शिकारी नेमले गेले. मेलेल्या घोड्याच्या मांसात स्ट्रिक्नीन घालून ते माळावर टाकायचे. स्ट्रिक्नीन म्हणजे कुचल्याचं विष. कोकणातल्या मंडळींना काजऱ्याचं झाड माहीत असेल, तेच. पुढे थॅलियम आलं, मग 'टेन-एटी' नावाचं आणखी जहाल विष आलं. त्या मांसावर गरुड मेले, खोकड मेले, मेंढपाळांची स्वतःची कुत्री मेली. शेवटी 1972 मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी केंद्राच्या जमिनींवर अशा विषांना बंदी घातली. तोवर एक प्राणी मात्र बहुतेक राज्यांतून खरोखर संपला होता: लांडगा. लांडगा कोयोटीला हद्दीत टिकू देत नाही, सापडला तर मारतो. यलोस्टोन या राष्ट्रीय उद्यानात 1995 पासून लांडगे परत सोडले, तर पुढच्या काही वर्षांत तिथल्या लामार खोऱ्यातले कोयोटी जवळपास निम्म्यावर आले. उलट जिथून लांडगा उठला, तिथे कोयोटी बसला. पूर्वेकडे जाता जाता ग्रेट लेक्स या मोठ्या सरोवरांच्या आसपास उरल्यासुरल्या लांडग्यांशी त्याचा संकरही झाला, म्हणून न्यूयॉर्क, मेन या ईशान्येच्या राज्यांकडचा कोयोटी अंगाने भारी असतो.

आता तुम्ही विचाराल, लांडगा विषाने संपला, मग हा का संपला नाही?

याचं उत्तर त्याच्या घरात आहे. कोयोटीचं घर म्हणजे एक नर, एक मादी, त्यांची त्या वर्षीची पिल्लं आणि कधीकधी गेल्या वर्षीची एकदोन मोठी पोरं. हद्द ठरलेली असते. वीण फक्त त्या जोडीची. बाकीच्या माद्या वयात आल्या तरी थांबून राहतात. आता ही जोडी मारली की घर फुटतं. थांबलेल्या माद्या वितात, वर्षाची मादीसुद्धा विते. डोकी कमी झाली म्हणून ससे-उंदीर मुबलक होतात, पिल्लं जास्त जगतात. शिवाय हद्द नसलेले, भटके कोयोटी प्रत्येक मुलखात फिरत असतात. रिकामी जागा दिसली की आठवड्यांत येऊन बसतात.

ढोबळ हिशेब करू. शंभर कोयोटी आहेत. सत्तर मारले. उरले तीस, त्यातल्या पंधरा माद्या. एका विताला सरासरी सहा पिल्लं. झाली नव्वद. यातली बरीच मरतील हे खरं, पण शंभराच्या जवळ पुन्हा पोचायला किती वेळ लागेल ते तुम्हीच बघा. 1975 मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॉनली आणि लाँगहर्स्ट या दोन अभ्यासकांनी हाच हिशेब नीट मांडला. त्यांचा निष्कर्ष असा की दरवर्षी सत्तर टक्के मारले तरी कोयोटी तग धरतात. पंचाहत्तर टक्के मारत राहिलात, तर संपायला पन्नासहून जास्त वर्षं लागतील. पंचाहत्तर टक्के, दरवर्षी, पन्नास वर्षं! एवढे मारणारे हात कुठल्या राज्याकडे आहेत? केंद्र सरकारचं खातं अलीकडे वर्षाला साठ हजारांच्या आसपास कोयोटी मारतं, खासगी शिकाऱ्यांचे वेगळे. तरी आकडा हलत नाही.

इथे एक खबरदारी. "कोयोटी मारला की ते दुप्पट होतात" असं काही प्राणीप्रेमी मंडळी सांगतात. तेही ताणलेलंच आहे. मारल्याने दुप्पट होत नाहीत. होते तेवढे परत होतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने एवढंही वाईटच, पण आपण खरं तेवढंच बोलावं.

शिकार कशी चालते ते थोडं सांगतो, कारण त्याशिवाय बक्षिसाची भानगड कळणार नाही. कोयोटीमागे सहसा धावत नाहीत, त्याला बोलावतात. शिकारी पहाटे वारा तोंडावर घेऊन झुडपाला पाठ लावून बसतो आणि तोंडातल्या पिपाणीतून जखमी सशाचा आवाज काढतो. बाळ किंचाळल्यासारखा असतो तो आवाज, अंगावर काटा येतो. आता पिपाणीऐवजी रिमोटवर चालणारे भोंगे आलेत, रात्री अंगाची ऊब दाखवणाऱ्या दुर्बिणी आल्यात. कोयोटी येतो, पण सरळ येत नाही. वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या बाजूला जातो, वास घेतो, मगच पुढे. अनुभवी कोयोटी त्या वळशातच माणूस ओळखतो आणि निघून जातो. फसतो कोण? पहिल्याच वर्षाचा, शरदात आईबापांची हद्द सोडून एकटा निघालेला पोरगा. आणि शिकारीचा मोसम कुठला? नोव्हेंबर ते फेब्रुवारी, कारण कातडीवर तेव्हाच दाट केस असतात. कायद्याने बहुतेक राज्यांत बाराही महिने मोकळीक आहे, पण माणूस जातो कातडी चांगली असते तेव्हा. थंडीच्या कोटांच्या टोपीला कोयोटीच्या केसांची झालर लावायची फॅशन होती, तोवर कातडीला चांगला भाव होता. 'कॅनडा गूस' या कोटवाल्या कंपनीने 2021 मध्ये प्राण्यांची फर बंद करत असल्याचं जाहीर केलं. एका मोठ्या गिऱ्हाइकाने हात काढून घेतला.

युटामध्ये 2012 पासून सरकारी बक्षीस आहे, एका कोयोटीमागे पन्नास डॉलर. हेतू मेंढ्या नव्हता, म्यूल डिअर नावाच्या हरणांची पाडसं वाचवण्याचा होता. माणूस दोन्ही कानांसकट डोक्याची कातडी आणि खालचा जबडा घेऊन येतो, कुठे मारला ते सांगतो, पैसे घेतो. कान दोन्ही हवेत, नाहीतर एका कोयोटीचे दोनदा पैसे उकळतील! जबड्यातल्या दातावरून वय कळतं. व्यवस्था नीटनेटकी आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार अशी आहे की पन्नास डॉलर सगळ्या कोयोटींना सारखेच. मेंढरांपासून कोसभर लांब उंदरांवर जगणाऱ्या पोरसवदा कोयोटीलाही पन्नास आणि रोज एक कोकरू उचलणाऱ्या मादीलाही पन्नास. मग शिकारी सोपा कोयोटीच मारणार. त्याच्या जागी तुम्ही-आम्ही असतो, तरी तेच केलं असतं.

आता माझ्या कामाकडे येतो. मेंढपाळ फोन करतो, "कोयोटीने कोकरू मारलं." मी जातो. पहिलं काम, कोकरू मारलं गेलं का मेलेलं खाल्लं गेलं, हे बघायचं. गळ्यापासून कातडी सोलायची. जिवंतपणी दात लागले असतील, तर कातडीखाली रक्त साकळलेलं असतं, काळंनिळं. मेल्यावर दात लागले, तर भोकं असतात पण रक्त नसतं. कोयोटी गळा धरतो, जबड्याच्या कोनामागे, आणि दाबून ठेवतो. गावातलं कुत्रं तसं मारत नाही. ते मागचे पाय, कान, शेपूट, मिळेल तिथे फाडतं आणि एका रात्रीत दहा मेंढ्या जखमी करून एकही न खाता घरी जाऊन झोपतं. नवजात कोकराचा फुप्फुसाचा तुकडा पाण्यात टाकायचा. बुडाला, तर त्याने श्वासच घेतला नव्हता, मेलेलंच जन्मलं होतं. खुरांवरचा मऊ पडदा झिजलेला असेल, तर ते चाललं होतं. पोटात दूध असेल, तर आईला लुचलं होतं. एवढं सगळं बघितल्यावर कित्येकदा गुन्हेगार थंडी निघायची, किंवा दूध नसलेली आई. पण कित्येकदा कोयोटीच निघायचा. हे मला ठासून सांगायचं आहे, कारण शहरातल्या व्याख्यानांत शेतकरी कांगावा करतो असा एक सूर असतो. अमेरिकेत शिकारी प्राण्यांमुळे जेवढी कोकरं मरतात, त्यातली निम्म्याहून जास्त एकट्या कोयोटीच्या नावावर आहेत.

आता प्रश्न असा की कोणता कोयोटी? कॅलिफोर्नियात हॉपलंडला विद्यापीठाचं मेंढीसंशोधन केंद्र आहे. तिथे 1990 च्या दशकात कोयोटींच्या गळ्यात रेडिओचे पट्टे बांधून बघितलं. कोकरं मारत होती मुख्यतः हद्द धरून बसलेली, विणारी जोडपी. आणि सापळ्यात सापडत होते ते बहुतेक दुसरेच, तरुण आणि भोळे. कारण उघड आहे. पिल्लं एप्रिल-मे मध्ये होतात, त्याच सुमाराला कोकरं कुरणात बागडत असतात. पाचसहा तोंडांना भरवायचं म्हटलं, तर दिवसभर उंदीर पकडत बसून भागत नाही. युटामध्ये 2001 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग याच मुद्द्यावर आहे: काही जोडप्यांची शस्त्रक्रियेने नसबंदी केली. जोडपी तिथेच राहिली, हद्द राखत राहिली, बाहेरच्यांना हाकलत राहिली, पण पिल्लं नसल्याने कोकरं मारणं बरंच कमी झालं. हा उपाय महाग आहे, डोंगरभर करता येणार नाही. पण रोग नेमका कुठे आहे ते त्याने दाखवलं.

म्हणून मारणं निरुपयोगीच, असं मी म्हणत नाही. युटा-आयडाहोच्या डोंगरी कुरणांवरच 1999 मधला दुसरा अभ्यास आहे. मेंढ्या यायच्या आधीच्या हिवाळ्यात, त्याच कुरणात, हेलिकॉप्टरमधून कोयोटी मारले, तर त्या उन्हाळ्यात कोकरं कमी मेली. त्या उन्हाळ्यापुरतं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच करायचं. म्हणजे ते तण काढण्यासारखं आहे. पेरणीआधी, आपल्याच वावरात आणि दर हंगामात.

मागून कुणीतरी विचारलं की तिकडे धनगरांसारखी माणसं कळपासोबत राहत नाहीत का. राहतात. पूर्वी स्पेनकडचे बास्क लोक होते, आता पेरूहून करारावर माणसं येतात, डोंगरात चाकांच्या खोपटात महिनोन् महिने राहतात. पण कुंपणाच्या कुरणांत बहुतेक ठिकाणी रात्री कुणी नसतं. आपला धनगर रात्री जाळी लावून कोकरं कोंडतो, कुत्री सोडतो आणि स्वतः तिथेच अंग टाकतो. ही राखण तिकडे सुटली होती. 1970 च्या दशकापासून त्यांनी युरोप-तुर्कस्तानातून राखणीची कुत्री आणली: ग्रेट पिरेनीज, अ‍ॅनातोलियन, अकबाश. पिल्लू लहानपणापासून मेंढ्यांतच वाढवायचं, म्हणजे ते मेंढ्यांनाच आपलं गणगोत समजतं. काही जण गाढव किंवा लामा हे उंटाच्या कुळातलं जनावर ठेवतात. कुत्र्याचा खर्च आहे, ते शेजारच्या पर्यटकावर भुंकतं, त्यावरून भांडणं होतात. तरीही मी पाहिलेल्या कळपांत सगळ्यात जास्त फरक या कुत्र्यांनी पाडला.

मेंढीधंदा कोयोटीने बुडवला असंही तिकडे ऐकू येतं. 1942 मध्ये अमेरिकेत साडेपाच कोटींहून जास्त मेंढ्या होत्या, आता पन्नास लाखांच्या आसपास आहेत. पण त्यात नायलॉन-पॉलिएस्टर आहे, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं स्वस्त मटण आहे, मेंढरांमागे जायला तयार नसलेली पुढची पिढी आहे. कोयोटीला गोळी घालता येते, पॉलिएस्टरला येत नाही.

दुसरा प्रश्न, रानडुकरांचं काय? डुकराचं गणित वेगळं आहे, मी त्यातला जाणकार नाही. पण परवानगी काढून किती डुकरं मारली याची यादी करण्याऐवजी त्या गावात किती मका वाचला याची नोंद कुणी ठेवतं का, हे तेवढं वनखात्याला विचारा. युटाच्या बक्षिसावर तिकडेही हाच आक्षेप आहे.

कोयोटी मारायच्या स्पर्धा मात्र मला पटत नाहीत. एका शनिवार-रविवारात जो जास्त मारेल त्याला बक्षीस, मग ट्रकच्या मागे रांग लावून फोटो. कॅलिफोर्नियाने 2014 मध्ये त्यावर बंदी आणली, न्यूयॉर्कने 2023 मध्ये, दरम्यान आणखी काही राज्यांनी. पश्चिमेच्या बऱ्याच भागांत अजून चालतात. माझ्या ओळखीचा एक मेंढपाळ आहे, आयडाहोचा, स्वतः पक्का शिकारी. खोलीत रायफल भरलेली असते. स्पर्धेवाल्यांना तो आपल्या कुरणात पाय ठेवू देत नाही. त्याचं कारण अगदी रोखठोक आहे. त्याच्या नाल्यात चार वर्षांपासून एक जोडी आहे, तिने अजून एकही कोकरू उचललेलं नाही. "ती उंदीर खाते आणि बाकीच्यांना आत येऊ देत नाही. तिला मारली, तर तिच्या जागी कोण येईल, हे स्पर्धेवाला तो पोरगा मला लिहून देणार आहे का?"